क्लिअरन्स येईपर्यंत

माझं पोस्टिंग सिंगापूरहून ये-जा करणाऱ्या जहाजावर आलं तेव्हा मी कराडला आईला फोन केला. ती म्हणाली, "तिथे आपल्या भाज्या मिळतात ना? मग जा." मुलगा अमेरिकेच्या नौदलात गेला याचं तिला सुरुवातीला जे काही वाटायचं होतं ते वाटून झालं होतं. काकाचं मात्र समाधान कधीच झालं नाही. तो आपल्या सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला. "जहाज त्यांचं, झेंडा त्यांचा, आणि लाटा खायला घोरपडे," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि मग मलाच शेजारी बसवून चहा पाजायचा.

मी अमेरिकेत गेलो फार्मसी शिकायला. शिक्षण झालं, नोकरी धड लागेना. तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांनाही सैन्यात घेण्याची एक योजना चालू होती; भरती झालात तर नागरिकत्व लवकर. औषधांची माहिती आणि हिंदी बोलता येणं या दोन भांडवलांवर माझी वर्णी लागली. देशप्रेम वगैरे काही नव्हतं. ते नंतरही फारसं आलं नाही. आलं ते जहाजाबद्दल आणि जहाजावरच्या माणसांबद्दल.

मी नौदलात कोअरमन होतो. कोअरमन म्हणजे वैद्यकीय काम करणारा शिपाई. पुढे वर्षभराचं मोठं ट्रेनिंग झालं आणि मी एकट्याने जहाजाचा दवाखाना चालवण्याच्या लायकीचा ठरलो. आमच्या आकाराच्या जहाजावर डॉक्टर नसतो. तापापासून तुटलेल्या हाडापर्यंत सगळं कोअरमन बघतो आणि अडलं तर सॅटेलाइट फोनवरून डॉक्टरला विचारतो. घोरपडे हे आडनाव अमेरिकन जिभेला झेपत नव्हतं. कोअरमनला जहाजावर सगळे 'डॉक' म्हणतात, त्यामुळे दोघांचीही सोय झाली.

हे आता लिहितोय त्याला कारण आहे. नौदल सोडून मला काही वर्षं झाली. सिंगापूर सोडवलं नाही. सेरंगूनला फ्लॅट आहे, वन-नॉर्थला वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत नोकरी आहे, बायको मृणाल त्याच भागात संशोधन करते. गेल्या दिवाळीत फराळाला पुण्या-मुंबईची आयटीतली मंडळी जमली होती. एकाने मला कोपऱ्यात गाठलं. "तुम्ही अमेरिकन नेव्हीत होतात? काय सांगता! म्हणजे जगाच्या मालकांबरोबर काम केलंत. सातासमुद्रांवर कुठेही जा, अडवणारं कोण?" मी चकली खात राहिलो. घरी आल्यावर मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू ऑल्वेज कीप क्वाएट. जस्ट टेल देम, लाह." म्हणून सांगतो. अडवणारं कोण, तेवढंच सांगतो.

सिंगापूरला उतरल्यावर पहिल्याच ब्रीफिंगला आम्हाला बजावलं गेलं की इथे अमेरिकेचा तळ नाही. 'बेस' हा शब्द वापरायचा नाही. आपण पाहुणे आहोत. सेम्बावांगच्या धक्क्याला जहाज लागे, माल भरला जाई, दुरुस्ती होई, आम्ही गेटवर ओळखपत्र दाखवून आत-बाहेर करत असू. धक्का, पाणी, वीज, सगळं यजमानांचं. नवीन पोरांना याचं हसू येई. एवढी मोठी महासत्ता आणि स्वतःच्या मालकीचा खांबसुद्धा नाही दोर बांधायला. मला हसू येत नसे. परदेशात भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला घरमालकाशी कसं वागायचं ते कळतं.

हे नीट समजावून सांगणारा माणूस म्हणजे चीफ बाउतिस्ता. रोहेलिओ बाउतिस्ता. डेक विभागाचा चीफ. म्हणजे दोर, नांगर, होड्या, रंग आणि त्यावर काम करणारी सगळी माणसं त्याच्या हाताखाली. बुटका, रुंद, पोट सुटायला आलेलं. आवाज असा की शिट्टीची गरज पडत नसे. त्याचा जन्म फिलिपाइन्समधल्या ओलोंगापोचा. त्याच्या घरातली चार पिढ्यांची माणसं अमेरिकन नौदलाच्या चाकरीत होती आणि याचा त्याला अभिमान होता की संताप, हे मला वर्षभरात ठरवता आलं नाही. बहुधा त्यालाही.

"माझा पणजोबा स्टुअर्ड," तो एकदा सेम्बावांगच्या धक्क्यावर बसून सांगत होता. "फिलिपिनो माणसाला तेव्हा नौदलात तेवढंच काम. ऑफिसरांना जेवण वाढायचं, त्यांचे बूट पुसायचे. आजोबा सुबिकला, अमेरिकेच्या तळावर, हमाल. बापाला जहाज मिळालं. मला दोर मिळाले. बघ, प्रगती आहे."

त्याच्याकडून मला कळलं की एकोणिसावं शतक संपता संपता अमेरिकेने स्पेनला हरवलं आणि फिलिपाइन्स घेतलं. तिथल्या लोकांना वाटलं होतं, स्पेन गेला की आपलं राज्य. ते अमेरिकेशी लढले आणि हरले. त्याच युद्धात पोर्तो रिको आणि गुआम हाती आलं, पाठोपाठ सामोआची बेटं. आमच्या जहाजावर या सगळ्या ठिकाणची माणसं होती. गुआमच्या माणसाला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. सामोआत जन्मलेला तर जन्माने नागरिकही नसतो. सैन्यात मात्र दोघेही चालतात. ही यादी चीफ शांतपणे सांगायचा आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवायचा. "आणि तू तर स्वतःच्या पायाने आलास, डॉक. तुला कुणी जिंकलंसुद्धा नव्हतं."

चीफची थोरली बहीण सिंगापूरला होती. मारिसेल. सेरंगूनला एका चिनी कुटुंबात घरकामाला, तिथेच राहायला. तिची कथा अशी की वडील अमेरिकन नागरिक झाले आणि मुलांना घेऊन जायची वेळ आली तोवर ही एकवीस वर्षांची होऊन गेली होती. कायद्याच्या हिशेबात ती 'मूल' उरली नाही. धाकटा रोहेलिओ गेला, ही मागे राहिली. पुढे रोहेलिओने नागरिक झाल्या झाल्या भाऊ म्हणून तिच्यासाठी अर्ज केला. अर्ज मंजूर झाला, पण व्हिसाची रांग फिलिपिनो भावंडांसाठी वीस वर्षांच्या वर होती. ती त्या रांगेत होती आणि रांगेत असतानाच पन्नाशीला टेकली होती.

जहाज धक्क्याला असलं की चीफ रविवारी तिला भेटायला जायचा. दोन-तीनदा मलाही घेऊन गेला. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या छपराखाली, बसायचं, ती डब्यातून काहीतरी करून आणायची. थोरल्या बहिणीला ते लोक 'आते' म्हणतात. मीही तिला आतेच म्हणायला लागलो. ती मला 'सर' म्हणायची. नको म्हटलं तरी म्हणायची.

एकदा जेवताना चीफने छातीवर हात मारून मला सांगितलं, "डॉक, माझं कोलेस्टेरॉल सांभाळ. मला मरायची परवानगी नाही. मी मेलो की आतेची फाइल बंद."

"असं असतं?" मी विचारलं.

"असंच असतं. अर्ज माझा आहे. अर्जदार मेला की अर्ज मेला. आता दोनेक वर्षं राहिली. तेवढी मला ढकल."

आतेने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मी त्याला तळलेलं कमी खायला सांगितलं, त्याने माझ्यासमोर आणखी एक तुकडा तोंडात टाकला.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो रविवार होता. आम्ही सिंगापूरकडे परत येत होतो आणि अजून दीड दिवसाचा पल्ला बाकी होता. सकाळी समुद्रातच तेल भरून घ्यायचं होतं. यात तेलाचं जहाज आणि आपलं जहाज एकाच वेगाने शेजारी शेजारी चालतात, मधल्या पाण्यावरून जाड तारा आणि दोर ताणतात आणि त्यावरून नळी येते. काम रोजचं आहे, पण त्या दोरांवर जो ताण असतो तो सुटला तर समोर काय आहे हे दोर बघत नाही. म्हणून डेकवर लाल पट्टे आखलेले असतात. लाल पट्ट्याच्या आत उगाच कुणी उभं राहायचं नाही.

नऊच्या सुमाराला एक दोर कप्पीत अडकला. लाटा वाढल्या होत्या. नियमाप्रमाणे चीफने सगळ्यांना मागे घेतलं आणि कप्पी बघायला स्वतः पुढे गेला. त्याची ही रीतच होती. पट्ट्याच्या आत जायची वेळ आली की तो दुसऱ्याला पाठवत नसे. त्याने हात वर करून ताण सैल करायची खूण केली. तेवढ्यात एका लाटेने दोन्ही जहाजं एकमेकांपासून दूर ओढली आणि दोर तुटला.

मी खाली दवाखान्यात होतो. स्पीकरवर तातडीने नळी तोडून वेगळं व्हायचा इशारा झाला आणि लगेच माझ्यासाठी हाक आली. मी डेकवर पोचलो तेव्हा चीफ उताणा पडला होता. हेल्मेट जागेवर, चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. दोराचा फटका कमरेवर बसला होता.

"पाय आहेत ना?" त्याने विचारलं.

"आहेत."

"मग ठीक."

ठीक नव्हतं. कमरेचं हाड मोडलं की रक्त बाहेर येत नाही, आत साठतं. हाताने दाबता येईल अशी जखमच नसते. आम्ही त्याच्या कमरेला पट्टा आवळला, स्ट्रेचरवर घेतलं, खाली आणलं. माझ्या हाताखाली एकच कोअरमन होती, गुआमची, तायतानो आडनावाची. तिने प्रेशर घेतलं आणि आकडा मोठ्याने न सांगता मला मनगट दाखवलं. तिने तो हातमोज्यावर लिहिला होता. मी मान हलवली.

हवाईमधला एक सर्जन सॅटेलाइट फोनवर आला. मी सांगितलं, त्याने ऐकलं. तो म्हणाला, "याला ऑपरेशनचं टेबल पाहिजे. तुझ्याकडे जे आहे त्याने तू वेळ काढू शकतोस. किती, ते सांगता येत नाही. रक्त दे."

जहाजावर रक्तपेढी नसते. जी असते तिला आम्ही 'वॉकिंग ब्लड बँक' म्हणतो. कुणाचं रक्त कुणालाही चालेल हे धक्क्याला असतानाच तपासून ठेवलेलं असतं. वेळ आली की स्पीकरवर पुकारतात, ती माणसं हातातलं काम टाकून जेवणघरात येतात, बाकावर आडवी होतात आणि त्यांचं गरम रक्त तिथल्या तिथे पिशवीत भरून आत नेतात. वर्षातून दोनदा आम्ही याची तालीम करायचो. तालमीत सगळे विनोद करतात.

त्या दिवशी कुणी विनोद केला नाही. पहिला आला तो पोर्तो रिकोचा स्वयंपाकी, ॲप्रन तसाच. दुसरा इंजिनरूमचा सामोअन, दाराएवढा, सुई बघितली की पांढरा पडणारा. त्याने डोळे मिटले आणि हात पुढे केला. मग टेक्सासचा एक गनर. मग तायतानो स्वतः. एका हाताने मूठ आवळत-सोडत ती दुसऱ्या हाताने माझ्यासाठी नळ्यांची पाकिटं फोडत होती. पाचवा सप्लाय ऑफिसर. माझंही नाव त्यात होतं. मी बाही वर केली तर कॅप्टन म्हणाली, "तू नाही, डॉक. जहाजावर तुझे दोनच हात आहेत. तू चक्कर येऊन पडलास तर मी काय करू?"

कॅप्टन बाई होती. कमी बोलणारी. ती दवाखान्यात येऊन चीफच्या डोक्याशी उभी राहिली आणि मला परिस्थिती सांगितली.

जहाजावर हेलिकॉप्टर होतं; आम्ही त्याला 'हेलो' म्हणायचो. तयार होतं. पायलट सीटवर बसून होता. पण तिथून सिंगापूर हेलिकॉप्टरच्या टप्प्याबाहेर होतं. मध्ये एका देशाची बेटं होती, बेटावर विमानतळ होता, तिथे उतरून तेल घेतलं की पुढचा पल्ला निघत होता. त्या विमानतळापाशी लहानसं इस्पितळही होतं. फक्त दुसऱ्या देशाच्या लष्करी हेलिकॉप्टरला तिथे उतरायला क्लिअरन्स लागतो. विनंती वर गेली होती. वरून दूतावासात, दूतावासातून त्यांच्या खात्यात. रविवार. कुणीतरी घरी असलेला अधिकारी शोधावा लागणार होता. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. त्यांचं चुकलं असं माझं म्हणणंही नाही.

"आणि जहाज?" मी विचारलं.

"पूर्ण वेगाने सिंगापूरच्या दिशेने. दुपारी तीन वाजता आपण टप्प्यात येऊ. मग कुणाला विचारायची गरज नाही."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत होते.

"क्लिअरन्स आधी येईल," ती म्हणाली.

त्यानंतर ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची वरची खोली, आणि माझ्यात जे बोलणं झालं ते मला पाठ आहे, कारण ते एकच होतं.

"मेडिकल, ब्रिज. स्टेटस?"

"ब्रिज, मेडिकल. रक्त चालू. प्रेशर टिकत नाही. हेलो कधी?"

"स्टँड बाय."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा स्टँड बाय. रेडिओवर हा शब्द उद्धट नसतो. 'थांबा, बघतो' इतकाच त्याचा अर्थ. त्या दिवशी मात्र तो ऐकला की मला हातातलं सामान भिंतीवर फेकावंसं वाटत होतं. आमच्या जहाजावर अशी क्षेपणास्त्रं होती की बसल्या जागी शेकडो मैलांवरचं लक्ष्य उडवावं. खालच्या कोठारात बटाट्यांपासून बॉम्बपर्यंत सगळं होतं. आणि एका माणसाला दोनेक तासांच्या अंतरावर उतरवायला आम्हाला जमिनीचा तुकडा नव्हता.

कॅप्टनने वरिष्ठांना दोनदा विचारलं की मी हेलो उडवते आणि इमर्जन्सी म्हणून उतरवते, नंतर माझं काय करायचं ते करा. दोन्ही वेळा उत्तर आलं, निगेटिव्ह. त्या बेटांवरून त्या आठवड्यात आधीच तणातणी चालू होती. ती खाली आली तेव्हा तिने टोपी काढून हातात धरली होती. "मी उडवू शकते, डॉक," ती म्हणाली. "उतरवू शकत नाही."

चीफ शुद्धीवर होता. वेदनेचं औषध दिलं होतं, पण झोपू देत नव्हतो. त्याने विचारलं, "आपण कुणाची वाट बघतोय?"

"क्लिअरन्सची."

"कुणाकडून?"

मी देशाचं नाव सांगितलं. त्याने छताकडे बघून थोडा विचार केला.

"बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "विचारूनच यायला पाहिजे. आमच्याकडे येताना कुणी विचारलं नव्हतं."

तो हसायला लागला आणि हसणं त्याला झेपलं नाही. मला हसू आलं नाही. मला त्याचा राग आला. या माणसाला या वेळी न्यायनिवाडा सुचतोय, असं वाटलं. आज वाटतं, त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं जे त्याला स्वतःचं म्हणता येत होतं. पण त्या क्षणी रागच आला, खोटं कशाला सांगू.

मग तो इंग्रजी सोडून तागालोगमध्ये बोलायला लागला. मला त्यातलं एकच कळलं, आते. मी म्हटलं, "चीफ, आज रविवार आहे. आते हॉकर सेंटरला असेल. पुढच्या रविवारी आपण जाऊ."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाला, "डॉक, फाइल."

"माहीत आहे मला. म्हणून तर तुला सोडत नाहीये."

पाच पिशव्या संपल्या तेव्हा दीड वाजला होता. बाहेर जेवणघरात माणसं उभी होती. ज्यांचं रक्त चालणार नव्हतं तेही बाही वर करून उभे होते. कुणी त्यांना जा म्हणायला गेलं नाही. मी फोनवरच्या सर्जनला सांगितलं की पाच झाल्या, आता मी माझं देतो. तो म्हणाला, "यू आर डुइंग एव्हरीथिंग राइट." हे वाक्य मला आजही कुणी बोललेलं चालत नाही. कंपनीत एकदा साहेब कौतुकाने म्हणाला आणि मी मीटिंगमधून उठून गेलो.

कॅप्टनने या वेळी अडवलं नाही. तायतानोने मला स्टुलावर बसवलं आणि सुई लावली. मी एका हाताने चीफची नाडी धरून होतो. माझी पिशवी भरली, तिने ती वर टांगली, नळी जोडली. ती अर्धी गेली असेल तेवढ्यात नाडी लागेनाशी झाली. आम्ही जे करायचं असतं ते सगळं केलं. तायतानो छाती दाबत होती, मी दाबत होतो, स्वयंपाकी दाबत होता. सर्जनने फोनवरून वेळ विचारली. मी सांगितली. तो म्हणाला, "थांबा." कुणी थांबेना. शेवटी कॅप्टनने तायतानोच्या खांद्यावर हात ठेवला.

वरची पिशवी अर्धी भरलेली तशीच होती. मी ती काढली. कुठे ठेवायची ते सुचेना, म्हणून बराच वेळ हातात धरून उभा राहिलो. ती अजून कोमट होती.

दोन वाजून गेल्यावर स्पीकर बोलला. "मेडिकल, ब्रिज. क्लिअरन्स ग्रँटेड. पेशंटला डेकवर आणा."

मी बटण दाबलं. तायतानोने माझ्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं.

सोमवारी रात्री आम्ही सेम्बावांगला लागलो. चीफला खाली नेताना अख्खं जहाज कठड्याला उभं होतं. धक्क्यावरचे सिंगापूरचे कामगार, दोर घ्यायला आलेले, हेल्मेट काढून बाजूला झाले. चीफची आई अजून ओलोंगापोला होती. तिला कळवायला रीतसर ऑफिसर आणि पाद्री गेले. सैन्याच्या नोंदीत आधी आई. बहिणीला कळवायची पद्धत नव्हती. मी कॅप्टनला विचारलं, ती म्हणाली, "जा. युनिफॉर्ममध्ये जा."

मंगळवारी सकाळी मी सेरंगूनला आते कामाला होती त्या कॉन्डोवर, म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटवर, गेलो. घराच्या मालकिणीने, आतेच्या मॅडमने, दार उघडलं. मागे आते उभी होती, घरातल्या लहान मुलीची वेणी घालत. मला पांढऱ्या कपड्यांत बघून तिने वेणी पुरी केली, रबर बांधलं, मुलीला दप्तर दिलं, आणि मग बाहेर आली. तिला आईच्या फोनवरून कळलेलं होतं. तरी रात्री जेवण तिनेच केलं होतं, सकाळी डबा तिनेच भरला होता. मॅडम बिचारी रडत होती. "मी तिला म्हटलं, मारिसेल, यू रेस्ट, यू गो होम. शी डोन्ट वॉन्ट, लाह," ती मला सांगत होती.

आम्ही खाली बाकावर बसलो. तिने विचारलं ते सगळं मी सांगितलं. दोर, पट्टा, रक्त कुणाकुणाचं. हेलिकॉप्टर का उडालं नाही तेही सांगितलं.

"किती वेळ वाट बघितली, सर?"

"तीन तास."

ती मान हलवत राहिली. तीन तास तिला जास्त वाटले की कमी, मला कळलं नाही. मग हळूच म्हणाली, "माझी फाइल आता बंद होणार ना, सर?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "मी विचारतो."

चीफला ओलोंगापोला पुरलं. मी गेलो होतो. घडी केलेला झेंडा आईच्या मांडीवर ठेवला. त्याच्या पणजोबाची कबर दोन ओळी मागे होती, तिच्यावरही अमेरिकन नौदलाचं नाव कोरलेलं. तिथून दिसणाऱ्या खाडीत त्या दिवशी आमच्याच नौदलाचं एक राखाडी जहाज उभं होतं. तिथला तळ केव्हाच गेला; आता तेही तिथे विचारूनच येतं. परतीच्या विमानात मी ठरवलं की माझं कंत्राट संपलं की नवीन सही करायची नाही.

फाइलबद्दल मी खरोखर विचारलं. नौदलाच्या वकिलाला, मग दूतावासात, मग अमेरिकेतल्या एका फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेला. सगळ्यांनी अदबीने ऐकून घेतलं. अर्जदार गेला की अर्ज रद्द. दयेची विनंती करता येते, पण त्यासाठी अमेरिकेत राहणारं दुसरं जवळचं नातलग हमी द्यायला लागतं. वडील गेलेले, भाऊ गेला, दुसरं कुणी नव्हतं. मी हमी देतो म्हटलं. माझं तिच्याशी नातं काय, असं फोनवरच्या बाईने विचारलं. माझं रक्त तिच्या भावाच्या अंगात होतं, हे सांगायचं ओठांवर आलं होतं. त्या बाईने ते कुठल्या रकान्यात भरलं असतं? मी फोन ठेवला.

आतेला सांगायला मी दुपारी फोन केला. मागे रस्त्याचा आवाज येत होता. मॅडमची मुलगी शाळेतून यायची वेळ होती. मी जेवढं सरळ सांगता येईल तेवढं सांगितलं. नियम सांगितला, विनंतीचं सांगितलं, काही होणार नाही हे सांगितलं. मला वाटलं फोन कट झाला.

"आते?"

"ऐकतेय, सर," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत, थँक्यू. बस आली. ठेवते."